उस्मानपुऱ्यातली जंगली टर्की

ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी परसात उभा राहून दात घासत होतो. थंडी सरत आली होती. ऊन अजून मागच्या भिंतीच्या वरच्या विटांवरच होतं आणि त्या उन्हात काहीतरी काळसर, लांडोरीपेक्षा जाड असं उभं राहून माझ्याकडे मान तिरकी करून बघत होतं. मग ते पंख फडफडवत खाली उतरलं, शेवग्याच्या बुंध्याशी आलं आणि वाळकी पानं उकरायला लागलं. तोंडातला फेस तसाच ठेवून मी फोन आणायला आत धावलो.

आमचं घर उस्मानपुऱ्यात, जुन्या वसाहतीत आहे. पुढे ओटा, मागे परस. परस म्हणजे एक शेवगा, एक पेरू, पाण्याची टाकी. टाकीमागे घराच्या दुरुस्तीतून उरलेल्या शहाबादी फरशा आणि एक मोडका कूलर पडलेला, त्यावर बोगनवेल माजलेली. त्या कोपऱ्यात आम्ही कुणी जात नाही. मागच्या भिंतीपलीकडे दुसरी गल्ली आहे. तिच्या तोंडाशी बुद्धविहार आहे आणि तिथल्या वंदनेचा आवाज आमच्या परसात ऐकू येतो. पण त्या गल्लीत जायचं तर आमच्या गल्लीतून बाहेर पडून मुख्य रस्त्याने वळसा घालावा लागतो. इतकी वर्षं इथे राहून मी तिकडे कधी गेलो नव्हतो. काम पडलं नाही, असं मी म्हणत आलो.

मला पक्ष्यांचा नाद आहे. नाद उशिरा लागला. रक्तातली साखर वाढली म्हणून सकाळी चालायला लागलो आणि चालताना पक्षी दिसायला लागले. शहरातल्या पक्षी बघणाऱ्यांचा एक गट आहे. एरवी मोबाइलवर फोटो टाकायचे आणि रविवारी सगळ्यांनी मिळून कुठेतरी जायचं. गटाचे म्होरके दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे मोठी दुर्बीण आहे, आणि एखाद्या पक्ष्याचं नाव त्यांनी सांगितलं की विषय संपतो. मी या गटात आलो त्याच वर्षी नाथसागरावर पाण्याच्या पलीकडे एक पांढरा ठिपका पाहिला, फोटो काढला आणि उत्साहाने जाहीर केलं की झोळीवाला, म्हणजे पेलिकन, बसला आहे. डॉक्टरांनी दुर्बीण लावली आणि शांतपणे म्हणाले, "खताची गोणी आहे." तेव्हापासून गटात मी गोणीवाले. कुणी मुद्दाम दुखवायला म्हणत नाही. पण कार्यालयात कारकून म्हणून सगळं आयुष्य गेलेल्या माणसाला वाटतं की निदान एका ठिकाणी तरी आपलं म्हणणं खरं ठरावं.

फोटोवरून नाव सांगणारं एक अॅप माझ्या फोनमध्ये आहे. त्याने लगेच उत्तर दिलं: जंगली टर्की. टर्की भारतात रानात सापडत नाही हे मला ठाऊक होतं. रानटी आणि पाळीव टर्की जातीने एकच, म्हणून ते अॅप पाळलेल्या टर्कीलाही तेच नाव देतं, हेही जरा डोकं चालवलं असतं तर कळलं असतं. पण 'जंगली' हा शब्द पडद्यावर उमटला आणि माझ्या मनात घर करून बसला.

पक्षी रोज यायला लागला. मादी होती. बायको शिळी भाकरी कुस्करून ताटलीत ठेवायची आणि ती बिनधास्त येऊन खायची.

"अहो, ही कुणाची तरी पाळलेली हाय," बायको म्हणाली. "रानातलं पाखरू असं ताटलीत खायला येतंय व्हय?"

"तुला त्यातलं काय कळतंय? ही नेमकी कुठली उपप्रजाती आहे ते बघायचंय मला."

"म्हंजे काय?"

"टर्की एकच, पण भागाप्रमाणे तिचे प्रकार असतात."

"पाखरात बी पोटजाती काढल्या का तुम्ही?" ती हसली आणि ताटली विसळायला घेऊन गेली.

मी मात्र त्या कामाला लागलो. अमेरिकेतल्या रानटर्कीच्या पाच-सहा उपप्रजाती आहेत, आणि त्या ओळखायची सोपी खूण म्हणजे शेपटीच्या पिसांची टोकं. पूर्वेकडच्या पक्ष्याची टोकं गडद तपकिरी, टेक्सासच्या बाजूच्या पक्ष्याची फिकी, उंटाच्या रंगाची. फ्लोरिडातल्या पक्ष्याच्या पंखांवरचे पांढरे पट्टे अरुंद. डोंगरातल्या पक्ष्याची टोकं पांढरी आणि मेक्सिकोच्या डोंगरातल्या पक्ष्याची तर शुभ्र, शिवाय पाय लांब. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत दुर्बीण घेऊन बसायचो. ती भिंतीला समांतर उभी राहिली की विटांच्या थरांवरून तिच्या पायांचं माप घ्यायचो. टोकं पांढरी होती, त्यात शंकाच नव्हती. पाय मला हवे तेवढे लांब वाटले.

मग एका दुपारी, कार्यालयात डबा खाता खाता वाचत असताना एक वाक्य समोर आलं. पाळीव टर्की ही मेक्सिकोतल्याच एका उपप्रजातीपासून माणसांनी तयार केली, आणि म्हणून पाळीव टर्कीच्याही शेपटीची टोकं पांढरीच असतात, असं त्यात होतं. म्हणजे ज्या खुणेवर मी तिला रानातली ठरवत होतो, ती खूण घरातल्या टर्कीचीच होती. मी ते वाक्य दोनदा वाचलं. मग बोटाने पान वर सरकवलं आणि चपातीचा पुढचा घास घेतला.

त्याच दिवशी संध्याकाळी मी गटात फोटो टाकले. लिहिलं की ही मेक्सिकोच्या डोंगरातली उपप्रजाती असून दौलताबादकडच्या एखाद्या फार्महाऊसवाल्याने बाहेरून आणलेली रानटी जोडी सुटली असावी. शेपटीच्या टोकांना मी लाल गोल केले होते. पहिलं उत्तर डॉक्टरांचं आलं, "गोणीवाले, यावेळी गोणीला पाय आहेत." सगळे हसले. पण नंतर एकाने लिहिलं की टोकं खरोखरच पांढरी आहेत, वर्णन जुळतंय. दुसऱ्याने लिहिलं, पाळीव असती तर अंगाने याच्या दुप्पट असती. शेवटी डॉक्टरांनी एकच शब्द लिहिला, "इंटरेस्टिंग." तो शब्द मी किती वेळा उघडून पाहिला ते सांगायला लाज वाटते.

त्यानंतर काही दिवसांनी तिचं येणं बदललं. दिवसातून एकदाच दिसायची, घाईने खायची, पाणी प्यायची आणि टाकीच्या बाजूला नाहीशी व्हायची. ती भिंतीवरून निघून जाते असं मी धरून चाललो. याच सुमाराला संध्याकाळी भिंतीपलीकडून एक म्हातारा आवाज यायला लागला. "ये गं बाय, ये. आऽ आऽ ये." लांबून जवळ यायचा, पुन्हा लांब जायचा, जसं कुणी गल्लीतून चालत हाक मारत असावं. एकदा ती परसात पाणी पीत असताना ती हाक आली. तिने चोच पाण्यातून काढली, मान ताठ केली आणि भिंतीकडे बघत गळ्यातल्या गळ्यात बारीक आवाज केला. आवाज थांबेपर्यंत ती तशीच उभी होती. मी ते अगदी स्पष्ट पाहिलं. पाहिलं आणि खिडकी लावून घेतली, कारण त्या ओरडण्याने माझा पक्षी बुजेल असं मी मनाला सांगितलं.

मग मॅडम आल्या. शनिवार होता, मी घरी होतो. फाटकाशी स्कूटी थांबली आणि माझ्याच वयाच्या एक बाई ओट्यापर्यंत आल्या. नंतर बायकोने सांगितलं की त्या एका शाळेत मुख्याध्यापिका आहेत आणि त्यांच्या गल्लीत लहानथोर सगळे त्यांना मॅडमच म्हणतात.

"नमस्कार भाऊ. मी मागच्या गल्लीत राहते. तुमच्या भिंतीला आमची भिंत. आमची टर्कीची मादी हरवलीय. तुमच्या परसात आली का कधी?"

मी म्हणालो, "टर्की? नाही. म्हणजे एक पक्षी येतो आमच्याकडे, पण तो जंगली आहे."

"जंगली? उस्मानपुऱ्यात?" त्या हसल्या. "कसा दिसतो?"

"त्यात उपप्रजाती असतात. ही मेक्सिकोकडची आहे. शेपटीच्या टोकांवरून ओळखता येतं."

"बरं, मग मी एकदा बघू का? आमची असंल तर लगेच ओळखीन."

"आत्ता नाही ती. आणि माणूस दिसलं की बुजते."

मग म्हणाल्या, "त्याचं असं आहे भाऊ, वडील आलेत माझ्याकडं, सोयगावहून. आई गेली, तिथं एकटे होते. टर्कीची जोडी बरोबर आणू दिली तरच येतो म्हणाले. महिन्यापूर्वी नर कुत्र्यानं धरला. ही एकटी राहिली आणि आता तीही घरी येईना. अंडी घालून कुठंतरी खुडूक होऊन उबवत बसली असंल. त्या नराची तेवढीच पिल्लं होतील आता. बाबा रोज गल्ली पालथी घालतात. गुडघे गेलेत त्यांचे, तरी ऐकत नाहीत."

"दिसली तर सांगतो," मी म्हणालो.

त्या गेल्या. बायको आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "बसा तरी म्हणायचं होतं. पाणी तरी विचारायचं."

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ओट्यावर दोन खुर्च्या होत्या आणि त्या उन्हात उभ्या होत्या. मी देवगाव रंगारीच्या शेतकरी घरातला माणूस. दारात आलेल्याला बस म्हणणं, पाणी देणं हे आमच्याकडे शिकवावं लागत नाही, हात आपोआप माठाकडे जातो. त्या दिवशी गेला नाही. पक्षी लपवायचा होता म्हणून घाबरून राहून गेलं, असं मी बायकोला सांगितलं. आधीच्या सगळ्या वर्षांत मी त्या गल्लीत का गेलो नव्हतो आणि त्या दिवशी माझा हात का उठला नाही, या दोन गोष्टी एकच आहेत का, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. आता विचारतो, आणि नाही असं ठामपणे सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाकीमागे गेलो. बोगनवेलीची फांदी जराशी सरकवली तर फरशा आणि कूलर यांच्या बेचक्यात वाळक्या पानांवर ती अंग पसरून बसलेली. हलली नाही. नुसता डोळा माझ्याकडे फिरवला. ती खायला उठली तेव्हा पाहिलं, सात-आठ मोठी अंडी होती, सायीच्या रंगाची, त्यांवर तपकिरी ठिपके. त्या क्षणी सगळं स्पष्ट होतं. कुणाची मादी, कुणाची अंडी, कोण हाका मारतंय, सगळं. मला फक्त चप्पल घालून वळसा घ्यायचा होता.

मी फोटो काढला आणि गटात टाकला. लिहिलं, "जंगली टर्कीचं घरटं."

डॉक्टरांनी लगेच फोन केला. "हे मात्र बघायलाच पाहिजे. पुढच्या रविवारी आम्ही सगळे येतो. चालेल ना?" त्यांनी मला गोणीवाले म्हटलं नाही.

बायको म्हणाली, "आधी त्या मॅडमला जाऊन सांगा."

"सांगतो की. एवढा रविवार होऊ दे."

"त्यो म्हातारा रोज वरडतोय तिकडं."

"अंडी कुठं पळून जातायत का? सोमवारी सांगतो. उलट इथं ती सुरक्षित आहे."

हे बोलताना माझा आवाज इतका समंजस होता की मलाच ते पटलं.

रविवारी दहाबारा जण आले. बायकोने पोहे केले होते. परसात एवढी माणसं कधी उभी राहिली नव्हती. सगळे हळू आवाजात बोलत होते आणि मी पुढे होऊन सगळ्यांना दाखवत होतो. मादी घट्ट बसून होती. वेलीच्या जाळीतून फक्त पाठ आणि मान दिसत होती.

"शेपटी दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "टोकं बघितल्याशिवाय कसं सांगायचं?"

"थांबा, दाखवतो," मी म्हणालो.

फांदी मीच बाजूला केली. तरी शेपटी कूलरच्या आड होती. मग मी काठीने कूलरचा पत्रा जरा ओढला. पत्रा फरशीवर करकरला आणि ती एकदम उसळून उठली. पंखांचा मोठा आवाज झाला, पानं उडाली, कुणीतरी मागे सरकताना पेरूवर आपटलं. ती भिंतीवर जाऊन उभी राहिली. शेपटी पसरलेली होती, टोकं पांढरीशुभ्र. कॅमेऱ्यांचे आवाज सुरू झाले.

तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली, "ये गं बाय, ये!" ती वळली आणि पलीकडे उतरली.

"सापडली! अगं सापडली गं! डालगं आण, डालगं!" म्हातारा ओरडत होता. त्याला हसू आवरत नव्हतं. "कुठं गेली व्हतीस गं भवाने? आँ? कुठं गेली व्हतीस?"

डॉक्टरांनी भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मेक्सिको बरंच जवळ निघालं हो."

सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. पोहे चांगले झाले होते, दोघातिघांनी पुन्हा मागून घेतले. जाताना एकाने माझ्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी दुपारपर्यंत मला वाटत होतं की माझी फजिती झाली हीच काय ती घटना. गटावर काय काय येईल याचाच विचार करत मी पडून राहिलो होतो. अंड्यांचा विचार बायकोने केला.

"ती परत आली नाय," ती परसातून येऊन म्हणाली. "डालग्याखाली झाकली असंल त्यांनी. त्यांना कुठं ठावं हाय अंडी हितं हायत ते."

"सोडतील थोड्या वेळानं. येईल ती."

"जाऊन सांगा."

मला उठवेना. गेलो तर दार मॅडम उघडणार. मादी माझ्या परसातून उडून आलेली त्यांनी पाहिली असणार. त्यांना मी काय सांगणार होतो? दुपार गेली. ऊन होतं तोवर मी म्हणालो, अंडी उन्हात गरम राहतील. ऊन गेल्यावर म्हणालो, आता अंधार पडतोय, या वेळी कुणाच्या घरी जायचं. बायकोने अंडी हाताने चाचपली, माझ्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळली आणि टोपलीत घालून स्वयंपाकघरात आणली. तिने एकटीने जेवून घेतलं.

सकाळी मी टोपली घेऊन निघालो. वळसा मला वाटत होता त्याहून खूपच लहान निघाला. चहा गार व्हायच्या आत माणूस जाऊन परत येईल. विहारावरून पुढे गेलो, एका पोरीला मॅडमचं घर विचारलं. दारावर पंचशील ध्वजाचं लहान तोरण होतं. मॅडमनी दार उघडलं, टोपलीकडे पाहिलं.

"आमच्या परसात सापडली," मी म्हणालो.

"कधी?"

"काल."

"काल," त्या म्हणाल्या. एवढंच. माझ्याकडे बघत राहिल्या आणि मी टोपलीकडे बघत राहिलो.

आतून आवाज आला, "कोण हाय गं?"

"मागचे शेजारी आहेत बाबा," त्या माझ्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "अंडी सापडली त्यांना. घेऊन आलेत."

मला वाटलं होतं त्या पुढचंही सांगतील. त्यांनी नाही सांगितलं. म्हातारा गुडघ्यावर हात टेकत बाहेर आला. धोतर, सदरा, डोक्याला पांढरा रुमाल. मला हाताला धरून आत नेलं, खुर्चीवर बसवलं. पाणी आलं, मागोमाग चहा आला. त्याने एकेक अंडं दोन्ही हातांच्या ओंजळीत घेऊन पाहिलं.

"गार पडल्यात," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून हसला. "पर तुम्ही आणून दिली. दुसऱ्या कुणाला सापडली असती तर आमलेट करून खाल्लं असतं आन वर म्हणला असता, लई चवदार."

मी चहा प्यालो.

मादी अंड्यांवर बसेना. ठेवली की उठून चालायला लागायची. तेव्हा गल्लीतल्या एका घरून खुडूक बसलेली गावठी कोंबडी आणली आणि अंडी तिच्याखाली ठेवली. तिला ती पुरी झाकता येत नव्हती, कडेची अंडी आळीपाळीने मधे सरकवावी लागत. मी रोज संध्याकाळी बघायला जायला लागलो. का जात होतो, ते मला नीट सांगता येत नाही. अंडी उबली तर माझं कुणाला कळणार नाही आणि नुकसानही होणार नाही, अशी आशा होती. आणि म्हातारा माझी वाट बघायचा हेही खरं. शेजारच्यांना बोलावून सांगायचा, "हे पाखरांचे जाणकार हायत बरं का." एकदा त्याने विचारलं, "ही मूळची कुठली म्हणायची? आमच्या पोरानं तर फर्दापूरच्या बाजारातनं आणली."

मी त्याला मेक्सिको सांगितलं. डोंगर सांगितले, पूर्वेकडची तपकिरी टोकं, टेक्सासकडची फिकी टोकं सांगितली. गटात कुणी इतकं लक्ष देऊन कधी ऐकलं नव्हतं. "एवढ्या लांबची हाय व्हय आमची बाय?" तो मादीकडे नव्याने बघत म्हणाला. मॅडम आतल्या दारात वह्या तपासत बसलेल्या असायच्या. मान वर करायच्या नाहीत.

दिवस भरून गेले, वर आणखी काही गेले. एका संध्याकाळी मी गेलो तेव्हा गावठी कोंबडी परत पाठवलेली होती. म्हाताऱ्याने एक अंडं फोडून पाहिलं होतं. आत पिल्लू पुरतं घडलेलं होतं, अंगावर ओली लव होती. मेलेलं. मग बाकीची त्याने न फोडता त्यांच्या अंगणातल्या पेरूच्या आळ्यात पुरली.

तो खाटेवर बसला होता. आवाजात राग होता, पण तो माझ्यावर नव्हता.

"मादीच नालायक निघाली. भरल्या अंड्यावरनं उठून भिंतीवर उड्या मारीत आली. आईला असं सुचतंय का? पोरगा येतोय उद्या फर्दापूरहून, त्याला म्हणलं, घिऊन जा. कापून खा तिकडं. माझ्या डोळ्यापुढं नको."

मादी अंगणात होती. तिच्या पायाला सुतळी बांधून खाटेच्या पायाला अडकवली होती.

मी "बरं" म्हणालो. खरंच म्हणालो. उठलो, चप्पल घातली, विहारापर्यंत गेलो. तिथे थांबलो. एवढं सगळं झाल्यावरही मी त्या पक्ष्याच्या जिवावर सुटून घरी चाललो होतो. परत फिरलो.

"काय राहिलं का?" म्हाताऱ्याने विचारलं.

"तिची चूक नाही," मी म्हणालो. "ती उठली नव्हती. मी उठवलं तिला. काठी घालून पत्रा ओढला."

"तुम्ही?"

"फोटोसाठी. माणसं जमवली होती मी. अंडी मला आदल्या आठवड्यापासून माहीत होती. तुम्ही हाका मारत होता ते ऐकू येत होतं. मॅडम विचारायला आल्या होत्या, तेव्हा नाही म्हणालो. आणि अंडी आणून दिली ती एक दिवस, एक रात्र गार पडल्यावर."

आतल्या दारातलं पेन थांबलं होतं. म्हातारा माझ्या पायांकडे बघत होता.

"फोटुत काय बघायचं व्हतं?"

"शेपटीची टोकं. पांढरी आहेत का ते."

"ती तर पांढरीच हायत," तो म्हणाला. "मला इचारलं असतं तर भिंतीवरनं सांगितलं असतं."

त्याने वाकून सुतळी सोडली. गाठ घट्ट होती, त्याला वेळ लागला. मी हात पुढे केला तर त्याने नुसतं कोपराने माझा हात बाजूला सारला. सुतळी सुटल्यावर तो खाटेवर आडवा झाला, तोंड भिंतीकडे करून. "पोराला फोन लाव गं," तो म्हणाला. "मादी ऱ्हाऊ दे म्हणावं."

मॅडम मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. मला वाटलं आता त्या बोलतील, शाळेतल्या पोराला बोलावं तसं. बोलल्या त्या अगदी हळू.

"सांगितलं ते बरं केलं भाऊ. मुकं जनावर वाचलं."

मी फाटकाबाहेर पाऊल टाकलं.

"तुम्ही टोपली आणली त्याच दिवशी मी सगळं ओळखलं होतं. बोलले नाही, कारण सोयगाव सोडल्यापासून बाबांना इथं बोलायला कुणी नव्हतं. तुम्ही यायला लागल्यावर ते रोज दुपारी दाढी करून बसायचे. स्वच्छ सदरा मागायचे." त्यांनी फाटकाची कडी हातात घेतली. "उद्या ते करणार नाहीत."

त्यांनी फाटक लावलं, आवाज न करता. मी विहारापर्यंत आलो तेव्हा लक्षात आलं की एवढं सगळं बोललो, पण माफी मागायची राहूनच गेली. पुन्हा परत गेलो. फाटकाला आतून कडी होती. अंगणात मादी मोकळी फिरत होती आणि खाटेवर म्हातारा अजून तसाच, भिंतीकडे तोंड करून पडला होता. फाटक वाजवायला हात वर केला, आणि वाजवलं नाही.